थंडीत मैत्रिणीचं बॅचलरेट: बेळगावहून दोन रात्रींसाठी कुठं जाऊया?

शहापूरची_पोर

आमच्यातल्या एकीचं लग्न माघात ठरलंय. साखरपुडा झाला, कार्यालयही मिळालं. लग्नाआधी आम्हा मैत्रिणींना तिला घेऊन दोन रात्री बाहेर जायचंय. बॅचलरेट हा प्रकार आमच्याकडं तसा नवा. केळवणं जोरात चाललीत, रोज कुणाकडं तरी पुरणपोळी नाहीतर श्रीखंड. पण केळवणात ती सगळ्या पाहुण्यांची असते, दोन शब्द निवांत बोलायला मिळत नाही. लग्न होऊन ती नाशिकला जाणार. मग सगळ्या एका जागी परत कधी सापडू, कुणास ठाऊक.

आम्ही सहाजणी. चौघी बेळगावातल्या, एक पुण्याहून येणार, एक बंगळूरहून. एकीचं दीड वर्षाचं बाळ आहे, ते बरोबर येणार, आणि ते यावंच असं आम्हा सगळ्यांना वाटतं. एक खानापूरजवळ शाळेत शिकवते. शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणजे शुक्रवार-शनिवार दोन सीएल (किरकोळ रजा) टाकायची तिची तयारी आहे, तिसरी मिळणार नाही. एक उद्यमबागेत फाउंड्रीच्या ऑफिसात आहे. पगार बेताचा, घरचं सगळं तिच्यावर. ती आतापासूनच "तुम्ही जा गे, मी पुढच्या वेळी येते" म्हणायला लागलीय. ती नसेल तर मला ही ट्रिपच नको. म्हणून माणशी पाच हजारांच्या वर जायचं नाही आणि नवरीचा खर्च आम्ही पाचजणींनी वाटून घ्यायचा, एवढं पक्कं केलंय.

पौषात लग्नं नसतात, नवरीच्या घरची धावपळ जरा थंडावते, त्यामुळं जायचं पौषातच. गोवा, मालवण, दांडेली, हंपी, गोकर्ण अशी पाच नावं आलीत आणि प्रत्येकीचा हट्ट वेगळा. नुसतं "मस्त आहे, जाऊन या" नको. कसं जायचं, रात्री कसं वाटतं, बाळाला झेपेल का, ते सांगा.

टिळकवाडीची_काकू

जागा नंतर ठरवा, आधी तारीख ठरवा. नाताळपासून १ जानेवारीपर्यंतचा आठवडा सोडूनच द्या. किनाऱ्यावर कुठंही जा, खोलीचे दर चढलेले आणि गर्दी अशी की बाळाला घेऊन चालवत नाही.

दुसरं, आपल्याकडं डिसेंबरात सुवर्ण विधानसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं. त्या दिवसांत गावातली हॉटेलं भरलेली, जागोजागी पोलीस, मोर्चे. पहिल्या दिवशी महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा असतो, आणि सीमावादावरून वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या गाड्या एकमेकांकडं जायच्या थांबतात. २०२२ च्या डिसेंबरात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. पुण्याची मैत्रीण बसनं येणार असेल तर हे दिवस टाळा.

तिसरं कुणी सांगणार नाही म्हणून मी सांगते. पंचांगात शाकंभरी पौर्णिमा बघून ठेवा. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर यात्रा असते, बसगाड्या तिकडं वळवतात, आणि नेहमीच्या मार्गावर उभं राहायलाही जागा मिळत नाही.

चोर्ल्याचा_प्रवासी

एवढा विचार कशाला, गोवा आपल्या अंगणात आहे की. सकाळी चहा घेऊन चोर्ला घाटानं निघालं तर दुपारच्या जेवणाला पणजीत. नवरी खूश, मैत्रिणी खूश. फक्त उत्तरेकडं जाऊ नका, कळंगुट-बागा आता मुलींनी निवांत बसायच्या जागा राहिल्या नाहीत. दक्षिणेत काणकोणला पाळोळे, अगोंद बघा. अगोंद आणि गालजीबागला थंडीत समुद्री कासवं अंडी घालायला येतात, त्यामुळं तिथले किनारे शांत ठेवलेत.

रस्त्याची अवस्था निघायच्या आदल्या दिवशी कुणाला तरी विचारून घ्या. आणि येताना गाडीत बाटली ठेवू नका, कणकुंबीच्या नाक्यावर तपासतात. मुलींची गाडी म्हणून सोडतील असं समजू नका.

हुबळीत_असते

पाळोळेला माझं पूर्ण अनुमोदन, जागा सुंदरच आहे. पण यांचं बजेट वाचलंत का? किनाऱ्यालगतची खोली, गाडी, तिथलं खाणं, सगळं धरून पाच हजारांत बसवायचं तर प्रत्येक ठिकाणी हात आखडता घ्यावा लागेल. ज्या मैत्रिणीचा विचार करून हे बजेट ठरवलंय तिला मेन्यूकार्डचा उजवा रकाना आधी वाचायला लागणं मला नाही आवडणार.

शहापूरची_पोर

@हुबळीत_असते, ताई, अगदी हेच मला नेमकं मांडता येत नव्हतं. कुठंही जाऊ, पण तिथं तिला हिशेब करत बसायला लागू नये.

गोव्याबद्दल अजून एक. नवरीच्या घरी "गोवा" म्हटलं की चेहरे बदलतात. मुली बिघडतात वगैरे. मला ते पटत नाही, पण लग्नाला महिना राहिलेला असताना तिनं घरी भांडत बसावं असंही वाटत नाही.

सावंतवाडीची_लेक

मग मालवणला या की! माझं माहेर तिकडचं, सासर बेळगावच्या वडगावात, त्यामुळं दोन्हीकडचं सांगू शकते. आंबोलीनं सावंतवाडी, तिथून कुडाळ-मालवण. थंडीत आंबोलीत धबधबे नसतात, त्यासाठी थांबू नका, सरळ खाली उतरा. तारकर्लीला स्नॉर्केलिंग होतं, पोहता न येणाऱ्यांनाही करता येतं, बरोबर माणूस असतो. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं होडीतून फिरवतात. एका बाजूला खाडीचं संथ पाणी, दुसऱ्या बाजूला लाटा, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. आणि सिंधुदुर्ग किल्ला आहेच. महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतला, आत आजही वस्ती आहे. शिवराजेश्वराचं मंदिर आहे, आणि चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे म्हणून दाखवतात ते बघताना अंगावर काटा येतो.

घरगुती खाणावळी फार चांगल्या आहेत, बायकाच चालवतात, बायकाच वाढतात, बाळाला मऊभातही करून देतात. घरच्यांना सांगायलाही सोपं, "किल्ला बघायला चाललोय".

चंदगडी

मालवण मलाही लई आवडतं, आणि एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे हे विसरू नका. १७ मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजना आहे. बेळगावहून बसलात तर कर्नाटकातल्या अंतराचं पूर्ण आणि हद्द ओलांडली की अर्धं.

पण काकू म्हणाल्या तो मुद्दा इथं लागू होतो. हद्द ओलांडून जायचं, आणि शिक्षिका मैत्रिणीला सोमवारी सकाळी शाळेत हजर राहायचंय. एखादी काचफोड झाली की आधी गाड्या थांबतात आणि मग कारण कळतं. आम्ही सीमेवरची माणसं सवयीनं दोन दिवस थांबतो, पण सीएल थांबत नाही.

निपाणीची_वहिनी

तिकिटाचा विषय निघालाच आहे तर आपल्या बाजूचं सांगते. आपल्याकडं शक्ती योजना आहे, ११ जून २०२३ पासून. कर्नाटकात राहणाऱ्या बायकांना सरकारी बसमध्ये तिकीट नाही. आधार दाखवायचं, कंडक्टर शून्य रकमेचं तिकीट देतो, ते उतरेपर्यंत जपून ठेवायचं. साध्या आणि वेगदूत गाडीला चालतं. राजहंस, स्लीपर, ऐरावत अशा गाड्यांना नाही. राज्याबाहेर जाणाऱ्या गाडीलाही नाही. म्हणजे गोवा आणि मालवण बाद झाले की तुमचा जाण्यायेण्याचा खर्च जवळजवळ उरतच नाही.

उद्यमबागेतल्या मैत्रिणीला हे आधी सांगा. तिचा अर्धा नकार तिथंच विरघळेल.

पुण्याच्या मैत्रिणीचं आधार कुठल्या पत्त्यावर आहे ते विचारा. बऱ्याच मुली नोकरीला बाहेर जातात पण आधार माहेरच्याच पत्त्यावर असतं. बेळगावातल्या शहापूरचा पत्ता असेल तर तीही फुकट.

गर्दीची तयारी ठेवा मात्र. मी सकाळच्या पहिल्या गाड्यांनी जाते, बसायला मिळतं.

शहापूरची_पोर

वहिनी, तुमचे पाय धरावेसे वाटतात! शक्तीनं आम्ही धारवाडपर्यंत जातो-येतो, पण सहलीसाठी हा विचारच कुणी केला नव्हता. पुण्यातलीचं आधार शहापूरचंच आहे, आत्ताच फोन करून विचारलं.

म्हणजे आता दांडेली, हंपी, गोकर्ण उरले. माझं स्वतःचं मन हंपीवर आहे, खरं सांगते. नवरीनं इतिहासात एमए केलंय आणि अजून हंपी बघितलेली नाही.

पट्टदकल_प्रेमी

इतिहासात एमए आणि घरापासून चार तासांवर बदामी असताना हंपी कशाला? तिसऱ्या लेण्यात मंगलेशाचा शके ५०० चा शिलालेख आहे, म्हणजे इसवी ५७८. पुढं पट्टदकल, ऐहोळे. थंडीतच बघायची जागा ही, उन्हाळ्यात दगड तापतो.

हुबळीत_असते

पण पौषातच बनशंकरीची जत्रा असते की! नाटक कंपन्यांचे तंबू, पाळणे, रात्रभर माणसं. जत्रा बघायला जायचं असेल तर त्यासारखं काही नाही, मी आवर्जून जाते. पण त्या दिवसांत बदामीत खोली मिळणं कठीण आणि सगळीकडं गोंगाट. दुसऱ्या महिन्यात असती तर मीही बदामीच म्हणाले असते.

होस्पेटची_पाहुणी

हंपीबद्दल मी सांगते, माझी नोकरी तिकडं होती.

बघण्यासारखं इतकं आहे की दोन दिवस म्हणजे धावपळ. विरूपाक्षाचं देऊळ, विठ्ठलाचं देऊळ आणि पन्नासच्या नोटेवरचा तो दगडी रथ, कमलापूरकडचं लोटस महल, हत्तींचे तबेले. जानेवारीत सकाळी स्वेटर लागतो आणि दुपारी टोपी. हेमकूट टेकडीवर सूर्यास्ताला बसा, खाली नारळी-केळीच्या बागा, मागं गोल गोल शिळांचे ढीग, आणि विरूपाक्षाच्या गोपुरावर शेवटपर्यंत ऊन. एवढ्यासाठीसुद्धा जावं.

पण तुम्ही विचारलंय "रात्री कसं वाटतं", त्याचं उत्तर प्रामाणिक द्यायला हवं. मार्च २०२५ मध्ये सणापूरजवळ कालव्याकाठी रात्री बसलेल्या पर्यटकांवर हल्ला झाला, बायकांवर अत्याचार झाले, एकाचा जीव गेला. गाव वाईट नाही, माणसं वाईट नाहीत, मी तिथं राहिलेय. पण नदीपलीकडं वस्त्या लांब लांब आहेत, अंधार फार, आणि बाळ घेऊन सहा बायकांनी रात्री तिकडं फिरू नये असं मला वाटतं. गेलात तर होस्पेट किंवा कमलापूरला मुक्काम करा, अंधार पडायच्या आत खोलीवर या.

इंटरनेटवर अजून "हिप्पी आयलंड"चे जुने फोटो फिरतात. विरुपापूर गड्डीवरची ती हॉटेलं २०२० मध्ये कोर्टाच्या आदेशानंतर पाडली. ते बघून बुकिंग करू नका.

शहापूरची_पोर

वाचून सुन्न झाले. ती बातमी तेव्हा वाचली होती, पण जागा तीच हे डोक्यात नव्हतं. आम्हाला रात्री खोलीत कोंडून घ्यायचं नाहीये. जेवून थोडं चालावं, कुठंतरी बसून गप्पा माराव्यात, एवढं तरी व्हायला हवं. आणि बेळगाव ते होस्पेट सहा-सात तास बाळाला घेऊन... नवरी आणि मी हंपीला वेगळ्या जाऊ कधीतरी. तिच्या नवऱ्यालाही घेऊन जाऊ.

दांडेलीबद्दल कुणी सांगेल का? बंगळूरवाली राफ्टिंग राफ्टिंग करून डोकं खातेय.

जोयडा_रोड

माझं गाव रामनगरच्या पुढं, त्यामुळं दांडेली-गणेशगुडी पायाखालचं. राफ्टिंग काळी नदीत होतं, पण पाणी सुपा धरणातून वीजनिर्मितीसाठी सोडतात त्यावर सगळं अवलंबून. पाणी नसेल तर राफ्टिंग नाही किंवा नुसतं संथ पाण्यात फिरवून आणतात. पैसे भरायच्या आधी त्या दिवशी पाण्याचं काय आहे ते स्पष्ट विचारा. दीड वर्षाचं बाळ राफ्टमध्ये घेत नाहीत आणि घ्यायलाही नको, म्हणजे त्याची आई काठावर बसणार.

जंगल मात्र आपलं वैभव आहे. २००७ मध्ये दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५ पासून काळी व्याघ्र प्रकल्प म्हणतात. वाघ दिसेल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. धनेश मात्र नक्की दिसतील. पहाटे उंबराच्या फळलेल्या झाडाखाली उभं राहायचं. आधी पंखांचा आवाज येतो, घूं घूं असा, मग कवड्या धनेशाची जोडी फांदीवर येऊन बसते. चोचीच्या टोकात फळ धरतो, मान मागं टाकून वर उडवतो आणि गिळतो. नर-मादी दोघंही तसंच. हे बघायला मी अजूनही उठतो.

पण तुमच्यासाठी दांडेली म्हणावं का? काही होमस्टेवाले रात्री मोठ्यानं डीजे लावतात, बाळ झोपणार नाही. शांत होमस्टे आहेत, ते गावापासून लांब, तिथं गाडीशिवाय जमत नाही. गाडी घेतली की वहिनींच्या फुकट बसचा फायदा गेला.

कुमठ्याची_सून

सगळा धागा वाचला. मी अनगोळची, लग्न होऊन कुमठ्याला. गोकर्ण आमच्याकडून हाकेच्या अंतरावर. अजून कुणीच गोकर्णाचं सांगितलं नाही म्हणून सविस्तर लिहिते.

पोचायचं असं. बेळगावहून हुबळी, दोन तास. हुबळीहून यल्लापूर, अरबैल घाट उतरून अंकोला, पुढं गोकर्ण. एका ठिकाणी बदलायचं, पण सगळ्या आपल्याच गाड्या, सगळीकडं शक्ती चालतं. बंगळूरवालीला सगळ्यांत सोपं, कारवारची पंचगंगा एक्स्प्रेस संध्याकाळी पकडली की सकाळी गोकर्ण रोडला उतरते. स्टेशन गावापासून लांब आहे, तिथून रिक्षा. पुण्याहून वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून बेळगाववरून हुबळीला जाते, रोज नाही, तेवढं बघून घ्या. आदल्या दिवशी येऊन कुणाच्या तरी घरी झोपलेली बरी.

किनारे चार. गावातून टेकडी ओलांडली की कुडले. तिथून खडकांच्या वाटेनं ओम, पुढं हाफ मून, मग पॅराडाईज. ओमपर्यंत रिक्षा वरपर्यंत जाते, मग पायऱ्या. पुढच्या दोन किनाऱ्यांना पायवाट किंवा होडी. मी तुमच्या जागी असते तर कुडलेलाच मुक्काम केला असता. अर्धगोल किनारा, दोन्ही टोकांना खडक, खोल्या आणि खाण्याच्या जागा सगळ्या वाळूला लागून एका ओळीत. रात्री जेवून त्या ओळीसमोरच चालायचं. दिवे असतात, माणसं असतात, त्यात बायका-पोरंही असतात. त्या ओळीच्या पलीकडं, खडकांकडं, अंधार पडल्यावर जायचं नाही, हे मी माझ्या नणंदेलाही सांगते. काही वाटलं तर ११२ लावा.

पाण्याबद्दल मात्र नीट ऐका. आमचा समुद्र दिसतो तेवढा भोळा नाही. दर वर्षी माणसं बुडतात, आणि बहुतेक वेळा खडकावर फोटोला उभी राहिलेली किंवा भरपूर पिऊन आत गेलेली. जीवरक्षक शिट्टी मारत असेल तर निमूट बाहेर यायचं. गुडघाभर पाण्यात सकाळी मजा करा, बाळाला ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर बसवा. छोटे खेकडे बिळातून वाळूच्या गोळ्या काढून भोवती मांडत असतात, आमचा धाकटा त्यांच्यामागं तासभर रांगायचा.

देवळात जायचं तर साडी किंवा सलवार-कमीज बरोबर ठेवा, जीन्सवर आत सोडत नाहीत. महाबळेश्वराचं आत्मलिंग, रावणाची आणि गणपतीची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. घरी सांगताना "लग्नाआधी गोकर्णाला दर्शनाला चाललोय" हे खोटं नाही, आणि कुणाची आई त्याला नाही म्हणत नाही. फक्त दर्शन खरंच घ्या.

आणि तुमच्या एमएवाल्या नवरीसाठी मिर्जानचा किल्ला. गोकर्णाहून कुमठ्याकडं येताना हमरस्त्यापासून थोडं आत. जांभ्या दगडाचा, आत सगळीकडं हिरवळ, दुहेरी तट, खोल विहिरी. गेरसप्प्याची राणी चेन्नभैरादेवी, जिला पोर्तुगीज मिऱ्यांची राणी म्हणायचे, तिचं नाव या किल्ल्याशी जोडलेलं आहे. या बंदरातून मिरी जायची. सकाळी लवकर गेलात तर किल्ला तुमचाच.

शहापूरची_पोर

ताई, हे मी सगळ्यांना ग्रुपवर पाठवलं. नवरीनं फक्त "मिऱ्यांची राणी!!!" एवढंच लिहिलंय, म्हणजे तिचं ठरलं.

एक विचारते. सहा बायकांना खोली देताना कटकट करतात का? आणि एका खोलीत तिघी राहिलो तर चालतं का?

कुमठ्याची_सून

कटकट नाही. प्रत्येकीचं ओळखपत्र मागतात, झेरॉक्स नेऊन ठेवा. दोन खोल्या, प्रत्येकीत जास्तीची गादी, असं फोनवर आधीच बोलून घ्या आणि दर किती ते व्हॉट्सॲपवर लेखी मागा. पौषात शनिवार-रविवार सोडले तर फार गर्दी नसते. शनिवारची खोली मात्र आधीच पक्की करा. बाळ आहे म्हणून तळमजला मागा.

टिळकवाडीची_काकू

आता घरच्यांचं. "मुलीमुलीच चाललेत" म्हटल्यावर पहिला प्रश्न तोच येतो, माझ्या मुलीच्या वेळी मीही तोच विचारला होता. फोनवर दहा वेळा "पोचलो" सांगण्यापेक्षा निघायच्या आधी कागदावर लिहून द्या. कुठं राहणार, तिथला फोन नंबर, कुठल्या बसनं, परत किती वाजता. आईला तो कागद फ्रिजवर लावता आला की ती निम्मी निश्चिंत होते. आणि नवरीच्या होणाऱ्या सासूबाईंना तिनं स्वतःच फोन करून सांगावं, दुसऱ्याकडून कळू देऊ नये. "गोकर्णाहून प्रसाद आणते" म्हणावं. त्यांनाही बरं वाटेल.

सावंतवाडीची_लेक

मालवण हुकलं याचं वाईट वाटतंय, पण गोकर्ण तुमच्यासाठी बरोबर आहे. नवरी नाशिकला गेली तरी पहिल्या दिवाळसणाला माहेरी येईलच की, तेव्हा मालवण करा. खाणावळ मी सांगते.

निपाणीची_वहिनी

पैशाचं एक सांगू? टीटीएमएम ठेवलं की ज्याच्याकडं कमी त्याला प्रत्येक चहाला खिशात हात घालावा लागतो. त्यापेक्षा सगळ्यांनी ठरलेली रक्कम आधीच एकीकडं जमा करा, सगळा खर्च तीच करेल. कुणी काय खाल्लं याचा हिशेब नाही. उरले तर नवरीला आहेर.

शहापूरची_पोर

ठरलं. गोकर्ण!

काल रात्री सहाहीजणी व्हिडिओ कॉलवर होतो. संक्रांतीआधीचा शुक्रवार ते रविवार. शाकंभरी पौर्णिमा त्यात येत नाही, बघितली. पुण्यातली गुरुवारी संध्याकाळी बेळगावला माझ्या घरी मुक्कामाला. शुक्रवारी पहाटेची पहिली हुबळी गाडी, दुपारपर्यंत कुडले. बंगळूरवाली पंचगंगानं आमच्या आधी पोचून खोल्या ताब्यात घेईल. शनिवार पूर्ण समुद्रावर, संध्याकाळी देऊळ. रविवारी सकाळी रिक्षा करून मिर्जान, तिथूनच कुमठ्याला येऊन हुबळीची गाडी. रात्री नऊच्या आत बेळगाव, सोमवारी बाई शाळेत. बंगळूरवाली रविवारी कुमठ्याहूनच रेल्वेनं परत.

पैसे वहिनींनी सांगितलं तसं एकत्र, आणि ते सांभाळायचं काम उद्यमबागेतल्या मैत्रिणीला दिलंय. अकाउंट्सलाच असते ती, तिच्याइतका चोख हिशेब आमच्यात कुणाला जमत नाही. माणशी साडेतीन हजार पुरतील असं तिनंच काढलंय, नवरीचा वाटा धरून. आणि "पुढच्या वेळी येते" हे वाक्य परत आलेलं नाही.

बेळगावचा कुंदा नेतोय, कुमठ्याच्या ताईंसाठी वेगळा डबा. रविवारी भेटाल ना? आणि शेवटचा प्रश्न, बाळासाठी सकाळी दूध कुडलेला मिळेल का, की पावडर घेऊ?

कुमठ्याची_सून

भेटायचं काय विचारता, रविवारी दुपारचं जेवण माझ्याकडंच. मिर्जानहून कुमठा जवळच, बस स्टँडपासून आमचं घर चालत. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, मिळाल्या तर त्यांची एकशिपी करते, शाकाहारी कोण आहे ते आधी कळवा.

नंदिनीचं दूध गावात मिळतं, किनाऱ्यावर उशिरा पोचतं. पहिल्या सकाळपुरती पावडर असू दे. शुक्रवारी संध्याकाळीच खोलीवाल्याला दोन पाकिटं आणायला सांगून ठेवा, आणि छोटी इलेक्ट्रिक किटली घरून आणा.